अनवाणी पानमळा

माहा जनम अंजनगावचा, पानमळेवाल्याच्या घरचा. बाप, आजा, त्याच्याही आंधीचे, सगळ्यायचं एकच काम, नागवेल लावनं आन् पानं खुडनं. तवा इंग्रजाचं राज होतं, म्हनजे कसं, आमचं वऱ्हाड म्हनाले निजामाचं, चालवे इंग्रज, आन् लाटसाहेब बसे नागपूरले, त आपला मालक कोन हे आमाले कधी समजलंच नाई. पन मळ्यात मालक एकच, माहा बाप. आबाजी म्हनत त्याले सारे, मीबी आबाजीच म्हनो. काय सांगू तुमाले मास्तर, भल्ला तिखट मानूस. बोलला त तोडूनच बोले, आन् नाई बोलला त दोन दोन दिवस नाई बोले, आमी आपले त्याच्या तोंडाकडं पाहून काय ते समजून घेवो.

तुमी पानमळा आतून पाह्यला नसंन. बाहेर ऊन कितीबी भाजो, आतमधी गारवा आन् अंधार, शेवरीच्या झाडायवर वेली चढवलेल्या, खाली पाट, बारा महिने पायाखाली वल. वेलीच्या बुडाशी खताले ढेप, पेंड म्हना, टाकत, तिचा आंबट वास मले अजूनबी आवडते. आन् ह्या मळ्याले सोवळं देवघराचं. पायतन घालून आत जायाचं नाई, चामड्याचं त नावच काढू नका. आबाजी सकाळी गेल्या गेल्या वेलीले हात जोडे, मंग कामाले लागे. एकडाव तहसीलदार आला मळा पाह्याले, बूट घालून, संग दोन चपराशी. आबाजी फाटकात उभा राह्यला, म्हने या साहेब, पन जोडे इथं ठेवा. साहेब लाल झाला, तसाच वापस गेला, सारं गाव म्हने आता आबाजीचं काई खरं नाई. आबाजीनं संध्याकाळी उत्तम कोवळी पानं त्याच्या घरी पाठवली, आन् साहेबानं खाल्ली म्हनत. असा होता तो.

मी तवा जवान होतो, आंगानं धट्टाकट्टा, पानाचा भरलेला डाला डोक्यावर घेऊन टेसनलोग जावो आन् दम नाई लागे. कधी ताप नाई, खोकला नाई, माय म्हने देव याले बिमारी द्याले इसरला. लगन झालं, अकोटची पोरगी केली, ते पाहा ना तिथं बसली, सुभद्रा, तीच. हसून राहिली आता, पन तवा आल्या आल्या तिले आमच्या घरात हसाले मोकळीक नोती.

त झालं काय, मळ्याभवती कुपाटी नवी करून राहिलो होतो, बाभळीच्या काट्यायची, आन् एक काटा तळपायात घुसला, मोडला आतमधीच. काटा काय आमाले नवा होता का, रोजचं होतं ते. सुभद्रानं सुईनं अर्धा काढला, अर्धा दिसे नाई. आबाजीनं वेलीच्या बुडाची वल्ली माती आनली आन् त्याच्यावर लेपली. आमच्यात हेच औषध, कापो, खरचटो, काटा भरो, मळ्याची माती लावा, देवघराची माती ते, तिच्यानं वाईट कसं होईन? दुसऱ्या दिवशी मी पाटात उभा राहून पानी देऊन राहिलो होतो. इसरून गेलो.

वर्ष झालं असंन नसंन, तळपायाले एक गाठ आली. बोरायेवढी. दुखे नाई. हेच त सांगून राहिलो मास्तर, दुखे नाई. दुखलं असतं त मी बोंबललो असतो, कोनी तरी धावलं असतं, पन ते हरामखोर चुपचाप वाढलं. पाय भरला, वरतून सुजला, मंग त्याले फोड आले, फोड फुटले आन् त्याच्यातून पू यायाले लागला, आन् पुवात बारीक बारीक काये कुळकुळीत दाने. मोहरीच्या दान्यावानी. सुभद्रानं चिंधीवर पाह्यले आन् तिच्या हातातून चिंधी पडली. तिले वाटलं किड्यायची अंडी होत. मले म्हने तुमी रडू नका, आन् सोताच रडे.

आबाजीले दाखवलं. तो लय वेळ पाहात बसला, मंग उठला, मळ्यात गेला. आल्यावर म्हने, वेल कोपली. कोनीतरी सोवळं मोडलं. आन् सुभद्राकडं पाह्यलं. ती नवी होती ना, अकोटची, परक्या गावची, तिले काय माईत, ती पायतन घालून गेली असंन, नाईत नोको त्या दिवसात गेली असंन. तिनं शपथ घेतली, पायावर डोकं ठेवलं, मी आबाजी कधीच नाई गेली. तो म्हने तू आजपासून फाटकाच्या आत यायाचं नाई. असं म्हनजे माहीत हाये का काय होते? आमच्यात ज्याले मळ्यात येऊ देत नाई तो घरचा नाई. माही माय मधी पडाले गेली त तिलेबी चुप केलं.

आन् मंग रोज सकाळी, रोज, आबाजी सोता ताजी माती आने, हळद कालवे, माहा पाय मांडीवर घेऊन फोडायवर लेपे. कधी लेकराले जवळ न घेतलेला मानूस. तुमाले सांगतो, मले बरं वाटे. पाय सडून राहिला आन् मले बरं वाटे, बापाचा हात लागून राहिला म्हून. इलिचपूरचा एक वैदू आनला, त्यानं लोखंड तापवून डाग देल्ले, तेवढं मात्र दुखलं, पन दाने काई थांबले नाई.

मंग गावात सुरू झालं. महारोग हाये म्हनत. कोनी तोंडावर बोले नाई, पन पाटावर बाया माही सावली चुकवत. आन् आमचा धंदा काय, त पान, लोकायच्या तोंडात जानारी वस्तू. तांबोळी आले, पानं पाह्यली, नाई म्हनले. आबाजीनं न इकलेली पानं शेताच्या धुऱ्यावर फेकली. मले वाटे, मी मेलो त बरं, मळा त वाचन.

ही बसली ना, हिनं केलं. सकाळी सकाळी आबाजी माती घेऊन आला त ही दारात आडवी उभी. पदर डोक्यावर, मान खाली, पन आडवी. म्हने आबाजी, आज लेप नोको, मी यायले उमरावतीले नेतो, मोठ्या दवाखान्यात. आबाजी म्हने तिथं पाय तोडतात. ही म्हने इथं मानूस जाईन. सासऱ्यापुढं असं बोलनारी बाई तवा आमच्या गावात नोती मास्तर. आबाजीच्या हातातून माती खाली पडली. हिनं शेजारच्याची बंडी जुपाले लावली. टेसनावर छोट्या आगगाडीत बसलो, ते गाडी इतकी सुस्त का उतरून मुतून वापस बसा, मंग मुर्तिजापूर, मंग बडनेरा, तिथून उमरावती. गाडीत लोक माह्या पायाच्या वासानं सरकून बसत, आन् ही त्यायच्याकडं अशी पाहे का खाऊ का गिळू.

डॉक्टर होते आपलेच मराठी, जाड चष्मा, तोंड फटकळ. त्यायनं आंधी पाय पाह्यलाच नाई, डोये पाह्यले, छाती ठोकली, पोट दाबलं, लघवी तपासाले पाठवली. म्हनले, तू त बैलासारखा निरोगी आहेस रे. मंग फोड दाबला, काया दाना काचेवर घेतला, फोडला, आन् आपल्या त्या नळीतून पाहात बसले. सुभद्रा म्हने डॉक्टरसाहेब, महारोग हाये का? ते म्हनले नाही. साफ नाही. ती तिथंच भिताडाले टेकून बसली. ते म्हनले ही बुरशी आहे.

मी म्हनलं बुरशी? भाकरीवर येते ते? म्हनले तिचीच भावंडं, पण ही मातीत राहते, काट्याबरोबर आत गेली, आन् बाहेर यायची वाट तिनं स्वतः केली. एकाची दुसऱ्याला लागत नाही. कोणाचा कोप नाही, कोणाचं पाप नाही. मी म्हनलं साहेब, काटे त साऱ्या गावाले भरतात, माती सारेच लावतात, मंग मीच कावून? मले तर कधी साधा ताप नाई. तवा त्यायनं चष्मा काढला, पुसला आन् म्हनले, ते मला माहीत नाही. कमजोर माणसाला होतं तर समजलं असतं. तुझ्यासारख्याला का होतं, हे मला कोणी शिकवलं नाही. मले तो मानूस तवाच आवडला. बाकी सगळ्यायले माईत होतं कावून झालं, वेल कोपली, बाई बाटली, ह्यालेच नाई माईत.

औषध नोतं. आता असंन, तवा नोतं. काई कडू थेंब देल्ले, प्यालो, फायदा नाई. म्हनले हाडात उतरलीय, गुडघ्याच्या खालून पाय काढू, नाहीतर वर चढेल. मी नाई म्हनलं. एका पायाचा मानूस मळ्यात काय करन, पाट कसा फोडन, शिडीवर कसा चढन? आन् खरं सांगू का, भेव वाटलं, लय भेव. हातापाया पडलो. तवा ते म्हनले बरं, आंधी नुसती गाठ कोरून पाहू, पण माझा भरवसा नाही. कोरली. पाय तेवढा राह्यला, जखम भरली, मी नाचत घरी आलो, लंगडत नाचलो म्हना. आबाजीनं पायाकडं पाह्यलं आन् पुन्यांदा वेलीले हात जोडाले गेला.

पुढच्या उन्हायात त्याच जागी गाठ. ह्यावेळी लवकर, आन् ह्यावेळी दुखली. घोट्यालोग काये दाने, ताप, जांघेत गोळा. मी सुभद्रापासून लपवलं, पन वास काई लपत नाई. पुन्यांदा तेच, बंडी, छोटी गाडी, उमरावती. डॉक्टरायनं पाह्यलं आन् शिव्या देल्ल्या, खऱ्या शिव्या, मंग म्हनले आता थांबलो तर मांडीतून काढावा लागेल, आणि त्याच्यापुढे काढायला काही नाही. मी कोपऱ्याकडं तोंड करून पडलो, म्हनलं नाई. मरतो, पन नाई. सुभद्रानं लय समजावलं, मी बोललो नाई, बापाचाच गुन. तवा तिनं गावात निरोप धाडला, आबाजीले आना.

तो आला. अनवाणीच आला, दवाखान्याच्या त्या पांढऱ्या फरशीवर त्याच्या पायाचे मातीचे ठसे उमटले आन् नर्सबाई ओरडली, त तो तसाच उभा. डॉक्टरायनं त्याले समोर बसवलं, सारं सांगतलं, बुरशी काय, काटा काय, माती काय. म्हनले जखमेवर मळ्याची माती लावत होतात का? आबाजी म्हने, मी लावत होतो. रोज? रोज. डॉक्टर म्हनले काट्याबरोबर ती आधीच आत गेली होती बाबा, पण त्यावर आणखी लावली ते बरं केलं नाही. आबाजी आपल्या हाताकडं पाहात बसला. मी खाटेवरून पाहून राहिलो, मले वाटलं हा आता उठून त्या डॉक्टरच्या अंगावर जाईन, देवघराच्या मातीले असं बोलला म्हून. नाई गेला.

मंग त्यानं इचारलं, ह्या बुरशीचं मूळ कोठीलोग गेलं ते तुमाले दिसते का? डॉक्टर म्हनले पूर्ण नाही दिसत, अंदाज करावा लागतो. आबाजी म्हने, आमच्या वेलीले मर लागते. बुडातून काई पडते आन् वेल उभ्यानं मरते. त जो नवा मानूस राह्यते तो वाळलेली पानं तोडते, कायी झालेली काडी तोडते, आन् बाकी ठेवते, जीव नाई होत ना तोडाले. ती वेलबी जाते आन् शेजारचीबी. मी कायं जिथं संपते तिथं नाई कापत, हिरवं लागे लोग कापतो, आन् हिरव्यातूनबी हातभर घेतो. त्या पहिल्या वेळी तुमी कायंच कोरलं. डॉक्टर म्हनले, तुमच्या पोरानं मला तेवढंच करू दिलं. आबाजी म्हने आता मी सांगतो. हिरवं लागे लोग कापा.

मी ओरडलो. आबाजी, पाय माहा हाये! तो खाटेपाशी आला, आन् मास्तर, माह्या उभ्या जिंदगीत पहिल्यांदा मी त्याले रडतानी पाह्यलं. म्हने पाय तुहा हाये, पन पोरगा माहा हाये. आन् सुभद्राकडं वळला, म्हने पोरी, तू दारात आडवी झाली तवाच मी आयकाले पाह्यजे होतं. तिनं पदर तोंडाशी धरला. मी मान हलवली, झालं.

क्लोरोफार्म देल्लं. गोड वास येते त्याले, घशात बसते, मी मोजता मोजता बुडालो. जागा झालो त मले माहा पाय तिथंच वाटे, अंगठा खाजवे, आन् हात घातला त चादर सपाट. त्यावर बोलाले नोको. कापून पाह्यलं त डॉक्टर म्हनले हाड वरपर्यंत साफ आहे, बाबा बरोबर बोलला. तो कापलेला पाय आबाजीनं मागून घेतला, फडक्यात बांधला, गावाबाहेर, मळ्यापासून लांब, लाकडं रचून जाळला आन् आंघोळ केली. गावातले म्हनत बुढ्याचं डोक्स फिरलं. मले मात्र पाय जाळला हे आयकून बरं वाटलं, कावून ते नाई सांगता येत.

मी घरी आलो त सुतारानं लाकडाचा पाय केला होता, वर बांधाले चामड्याचा पट्टा. फाटकापाशी आलो आन् थबकलो. चामडं ना ते. वापस फिरलो, म्हनलं बाहेर बसून पानं मोजत जाईन. आबाजी आतून आला, माह्या पायापाशी बसला, पट्टा सोडला, आन् आपल्या डोक्याचं पागोटं फाडून त्याच्या पट्टीनं बांधला. मंग आत नेलं. आन् दुसरं काय केलं त त्याच सुतारापाशून घरातल्या आन् गड्यायच्या साऱ्यायसाठी खडावा करून घेतल्या. लाकूडच ना, चामडं नाई, साधू घालतात, देवाले चालते. पन चिखलात खडावा घालून काम होते का? एक गडी रुतला, दुसरा पाटात आडवा झाला, माही माय हसून हसून बसली. चार दिवसात सगळ्यायनं काढून ठेवल्या. पुन्यांदा अनवाणी.

त आबाजीनं काय सुरू केलं माईत हाये? संध्याकाळी काम सुटलं, उजेड असला का, तो पाटाच्या काठी बसे, पान्याचा गडवा जवळ ठेवे. एकेकाले बोलवे. पाय धुवे. हो, तो आबाजी, ज्यानं तहसीलदाराले उभं केलं. गड्याचा पाय मांडीवर घे आन् तळपाय अंगठ्यानं दाबून पाहे, काटा कोठी हाये का, कुसळ कोठी हाये का. सापडला त मोडू न देता पूर्ण काढे, कडूनिंबाच्या गरम पान्यानं धुवे. मातीचं नाव नाई. गडी लाजत, मालक कसे पाय धरतात म्हनत. तो म्हने चुप बस, हलू नोको. आन् एक दिवस त्यानं सुभद्राले बोलवलं. मळ्यात. फाटकाच्या आत. ती म्हने मी नाई आबाजी, सुनेचा पाय सासऱ्यानं धरायाचा का, मले पाप लागन. तो म्हने पाप जेवढं लागाचं तेवढं मले लागलं. आन् तिचा पाय मांडीवर घेतला, धुतला, दाबून पाह्यला. ती एवढी रडली का तिच्यानं उठवे ना. इचारा तिले, अजून सांगतानी रडते. पाहा, पाहा.

आबाजी जाऊन लय वर्सं झाली. इंग्रज गेला, सीपी-बेरार प्रांत गेला, वऱ्हाड कोनाचं हे आता तरी समजलं म्हना. नातू मळ्यात रबरी बूट घालते, मी काई म्हनत नाई, वेलीबी काई म्हनल्या नाईत, उलट जोमात हायेत. औषधंबी निघाली म्हनतात आता, गोळ्या खाल्ल्या का पाय राह्यते. चांगलं हाये. माहा नाई राह्यला, कोनाचा तरी राहीन. मले अजून वाटते कधी कधी, मीच कावून, साऱ्या गावाले काटे भरतात. पन मंग म्हनतो जाऊ दे, त्या चष्मेवाल्यालेच नाई माईत त मले कोठून.

निंगाले का तुमी? थांबा. चप्पल फाटकात काढून आत आलते ना मास्तर, आमचा मान ठेवला तुमी. बसा इथं पाटाच्या काठी. लाजू नोका, मी बुढा मानूस हाये, वाकाले जरा वेळ लागते एका पायावर, पन होते. पाय द्या इकडं. सुभद्रा, गडवा आन. हं, हा पाय चांगला हाये. आता दुसरा. हलू नोका. काई नाई, साफ हाये. जा आता, सुखानं जा.